एचआर सॉफ्टवेअर घ्यायचंय: सोपं बघावं की सुविधा? सोलापुरातल्या कारखानदारांचे नेहमीचे प्रश्न

अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखाने, गणवेश शिवणारी युनिट्स, शहरातली हॉस्पिटलं, शोरूम. हजेरी, पगार, पीएफ (भविष्य निर्वाह निधी), ईएसआय (कामगार राज्य विमा) यांच्या कामासाठी सॉफ्टवेअर शोधताना इथले मालक आणि क्लार्क जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. हजार-दोन हजार माणसांच्या कंपनीला यातलं बरंच लागू होणार नाही.

सोपं सॉफ्टवेअर घ्यावं की जास्त सुविधांचं?

सोपं कुणाला, हे आधी ठरवा. डेमो होतो मालकाच्या केबिनमध्ये, आणि मालकाला सोपं वाटलं की व्यवहार पक्का होतो. मालक मात्र ते महिन्यातून एखाद वेळी उघडणार. रोज वापरणारे वेगळेच: गेटवर थम्ब लावणारा कामगार, खाडे आणि रजा बघणारा सुपरवायझर, महिनाअखेरीला पगारपत्रक काढणारा क्लार्क.

आमची पद्धत अशी. कागदावर एकेक काम लिहायचं आणि त्याला किती जणांचे हात लागतात ते पुढे मांडायचं. हजेरी, रजेचा अर्ज, पगार स्लिप यांना सगळ्यांचे हात लागतात. तिथे सोपेपणाच्या पुढे काही बघू नका, एक बटण जास्तीचं असलं तरी नको म्हणा. पीएफची ईसीआर फाइल (दर महिन्याचं ऑनलाइन विवरणपत्र), व्यवसाय कर, टीडीएस यांना एकाच माणसाचा हात लागतो आणि तो त्यातला जाणकार असतो. तिथे स्क्रीन दिसायला ओबडधोबड असली तरी चालेल, हिशोब मात्र एका रुपयानेही चुकता कामा नये.

प्रत्यक्षात होतं नेमकं उलटं. क्लार्कला रंगीत डॅशबोर्ड मिळतो आणि कामगाराला रजा टाकायला पाच पायऱ्या चढाव्या लागतात.

डेमो बघताना जास्त सुविधांचंच आवडतं. सगळ्यांचंच असं होतं का?

होय, आणि यावर अभ्यासही झालेला आहे. डेबोरा थॉम्पसन, रिबेका हॅमिल्टन आणि रोलंड रस्ट या तिघांनी २००५ साली डिजिटल उपकरणांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. घेण्यापूर्वी लोक सुविधा मोजतात आणि जास्त सुविधांची वस्तू निवडतात. वापरायला लागल्यावर त्यांचा कौल सोप्या वस्तूकडे झुकतो. दोन्ही वेळा माणूस प्रामाणिकच असतो.

डेमोचा मेनू सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेसारखा (सिद्धेश्वराची जानेवारीतली जत्रा) असतो, प्रत्येक दुकानापाशी पाय थांबतो. म्हणून डेमोला जाण्याआधी आपली यादी लिहून न्या आणि यादीबाहेरचं काहीही दाखवू लागले की सरळ सांगा, हे नंतर बघू.

आमच्याकडे चाळीस माणसं आहेत, एक्सेलवर छान चाललंय. बदलायचं कशाला?

छान चाललं असेल तर बदलू नका. फक्त एवढं तपासा: क्लार्क आठ दिवस गावी गेला तर पगार निघतो का? फाइलमधली सूत्रं दुसऱ्या कुणाला कळतात का? वीस माणसांवर पीएफ आणि दहावर ईएसआय लागू होतं, म्हणजे तुम्ही दोन्हींत आहात आणि दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत दोन्ही चलनं भरावी लागतात. त्या आठवड्यात एकाच माणसावर सगळा भार असेल, तर ती अडचण एक्सेलची नाही, पण सॉफ्टवेअरने ती कमी होते.

आमच्याकडे पगार आठवड्याला आणि तोही केलेल्या नगांवर. सॉफ्टवेअरवाले म्हणतात होईल. खरंच होतं का?

सोलापुरातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आणि डेमोत तो सगळ्यात पटकन उडवून लावला जातो.

बाजारातली बहुतेक तयार सॉफ्टवेअर महिन्याच्या पगारावर उभी आहेत: ठरलेला पगार, त्यातून खाडे वजा, वर ओव्हरटाइम. आपल्याकडे जकार्डवर चादर विणणाऱ्याचा हिशोब नगावर, कांड्या भरणाऱ्या बाईचा वेगळ्या दराने, शिलाईचा आणखी वेगळा. बाजाराच्या आदल्या दिवशी घेतलेली उचल त्याच आठवड्यात वळती होते. काही उचल अंगावर राहते आणि दिवाळीच्या बोनसमधून फिटते.

हे ‘होईल’ म्हणताना विक्रेत्याच्या मनात बहुधा एक पळवाट असते. दर आठवड्याचं पेमेंट ‘ॲडव्हान्स’ म्हणून टाकायचं आणि महिन्याच्या शेवटी ते पगारातून वळतं करायचं. चार आठवडे हे निभावतं. पण मग खरी उचल आणि आठवड्याची मजुरी एकाच खात्यात मिसळते आणि कामगार विचारतो, माझ्या अंगावर नेमकं किती? क्लार्कला पुन्हा वही उघडावी लागते. शिवाय कायद्याने आठवड्याच्या पगाराची मुदत वेगळी आहे, तो साप्ताहिक सुट्टीच्या आधीच्या कामाच्या दिवशी हातात पडायला हवा. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत चालतो. या दोन मुदती सॉफ्टवेअरला वेगळ्या कळल्या पाहिजेत.

आमचा सल्ला: नगाची नोंद सॉफ्टवेअरमध्येच व्हावी असा हट्ट धरू नका. त्यासाठी दर, डिझाइन, माग, पाळी असं सगळं भरत बसावं लागतं, आणि शेडमधला माणूस ते भरणार नाही. नगाचा हिशोब जिथे चाललाय तिथेच, म्हणजे उत्पादनाच्या वहीत किंवा एक्सेलमध्ये, चालू द्या. आठवड्याची एकूण मजुरी एका शीटवरून सॉफ्टवेअरमध्ये ओढता येते का, एवढंच बघा. ही ‘इम्पोर्ट’ची सोय जाहिरातीत कुणी लिहीत नाही. आपल्यासाठी मात्र दहा इतर सुविधांपेक्षा ती मोलाची.

विडी कारखान्यांचं तर आणखी वेगळं. बायका घरी बसून विड्या वळतात, दर हजारी, हजेरी नावाचा प्रकारच नाही. हजेरीवर उभं असलेलं सॉफ्टवेअर तिथे घेऊन जाऊच नये.

रात्रपाळीचा घोळ होतो असं ऐकलं. काय ते?

कामगार रात्री आठला आत आला, सकाळी आठला बाहेर पडला. मशीनला ‘आत’ एका तारखेला दिसतं, ‘बाहेर’ दुसऱ्या. साधं सॉफ्टवेअर दोन्ही दिवशी ‘पंच अपूर्ण’ दाखवतं आणि मग सुपरवायझर रोज सकाळी दुरुस्त्या करत बसतो.

रात्रपाळी असेल तर डेमोत खोटा डेटा बघू नका. तुमच्याच पंचिंग मशीनमधला मागच्या आठवड्याचा डेटा काढून न्या आणि समोर चढवायला लावा. पाळी बदललेला माणूस, जेवणाला बाहेर गेलेला, पंच करायला विसरलेला, सगळे त्यात आपसूक सापडतात. किती ओळी हाताने दुरुस्त कराव्या लागल्या ते मोजा. सोपेपणा मोजायची आम्हाला माहीत असलेली सगळ्यात चोख रीत ही.

थम्ब मशीन की चेहऱ्याचं?

डाईंगमध्ये हात रंगात आणि केमिकलमध्ये असतात, वर्षानुवर्षं सूत हाताळणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा पुसट होतात, आणि कापसाचं तूस सेन्सरवर बसतं. अशा ठिकाणी थम्ब दोन-तीनदा लावावा लागतो आणि पाळी बदलताना गेटवर रांग लागते. चेहऱ्याचं मशीन बरं पडतं, फक्त ते ऊन थेट पडेल असं लावू नका. वीज आणि नेट गेल्यावरही पंच साठवून ठेवणारं मशीन हवं. ऑफिसमध्ये मात्र थम्ब पुरतो, उगाच खर्च नको.

कामगारांसाठी मोबाइल ॲप घ्यावं का?

ॲप घ्यायला हरकत नाही, पण त्यावाचून काही अडू देऊ नका. शहराच्या पूर्वभागातल्या बऱ्याच घरांत बोलणं तेलुगूत, शाळा मराठीत, आणि स्मार्टफोन मुलाकडे. नंबर बदलला की ओटीपी भलत्याच हातात जातो. अक्कलकोटकडून येणारे काही जण घरी कन्नड बोलतात. अशा ठिकाणी ‘आमचं ॲप अकरा भाषांत आहे’ ही सुविधा ऐकायला छान. त्याहून उपयोगी पडतो गेटजवळ ठेवलेला एखादा टॅब, चेहरा दाखवला की ‘या महिन्यात किती दिवस भरले, किती रजा शिल्लक, अंगावर किती उचल’ एवढे तीनच आकडे मोठ्या अक्षरांत दाखवणारा. आकडे सगळ्यांना वाचता येतात.

पगार स्लिप छापून किंवा व्हॉट्सॲपवर, दोन्ही वाटा उघड्या ठेवा. टाइमकीपरकडे चिठ्ठी देऊन रजा मागणारा माणूस पुढेही चिठ्ठीच देणार. ती चिठ्ठी टाइमकीपरला अर्ध्या मिनिटात सॉफ्टवेअरमध्ये टाकता आली पाहिजे.

कायद्याचं सगळं आपोआप होतं, असं सांगतात. पडताळायचं कसं?

तोंडी उत्तर घेऊ नका, समोर हिशोब काढायला लावा. आम्ही डेमोत पुढच्या गोष्टी करून घेतो.

पहिली, फेब्रुवारीचा पगार. महाराष्ट्रात दहा हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषाचा व्यवसाय कर अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये. महिलांना एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत माफी आहे. म्हणून अठरा हजारांचा पुरुष आणि चोवीस हजारांची महिला असे दोन नमुने टाका आणि फेब्रुवारी काढा. ३०० आणि शून्य आलं पाहिजे. परराज्यातल्या कंपनीची सॉफ्टवेअर इथे हमखास अडखळतात.

दुसरी, ईएसआयची मर्यादा ओलांडणारा माणूस. मर्यादा २१,००० रुपये. मे महिन्यात २०,५०० घेणाऱ्याला जूनपासून २२,००० झाले. कपात लगेच थांबत नाही. एप्रिल ते सप्टेंबर हा वर्गणीचा काळ पूर्ण होईपर्यंत ती चालू राहते आणि पूर्ण २२,००० वर होते: कामगाराचे पाऊण टक्क्याने १६५ रुपये, मालकाचे सव्वातीन टक्क्यांनी ७१५. सॉफ्टवेअरने जूनमध्येच शून्य दाखवलं तर पुढे नोटीस तुमच्या नावावर येईल, विक्रेत्याच्या नाही.

तिसरी, ५८ वर्षं पूर्ण झालेला कामगार. मालकाच्या हिश्श्यातली पेन्शनची ८.३३ टक्के रक्कम त्यानंतर पेन्शनकडे न जाता त्याच्या भविष्य निर्वाह खात्यातच जायला हवी. जुन्या कारखान्यांत असे मास्तर, जॉबर असतातच.

चौथी, नोकरी सोडणाऱ्याचा हिशोब. नव्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा असो की काढून टाकणं असो, पगाराचा हिशोब दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावा लागतो. अंगावर उचल असलेला माणूस बुधवारी गेला, असं धरा. शिल्लक रजा, चालू आठवड्याची मजुरी आणि उचल धरून एकच कागद किती वेळात निघतो ते घड्याळ लावून बघा.

कामगार कल्याण निधीची जून आणि डिसेंबरची कपात, जानेवारी आणि जुलैला बदलणारा किमान वेतनाचा विशेष भत्ता, हेही जाता जाता विचारून घ्या.

आणि हे सगळं होताना कीबोर्ड विक्रेत्याच्या हातात नको. तुमचा क्लार्क बसवा आणि विक्रेत्याला हाताची घडी घालून गप्प उभं करा. त्याला ते जड जातं.

श्रमसंहिता आल्या. आता घेतलेलं सॉफ्टवेअर वर्षभरात जुनं होईल का?

जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यात वेतनाची व्याख्या बदलली. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरची रक्कम वेतनात धरली जाते, आणि ग्रॅच्युइटीसारखे हिशोब त्यावर होतात. शिवाय आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा. म्हणून ‘पगाराची रचना आम्हाला स्वतः बदलता येते का, की प्रत्येक वेळी तुम्हाला बोलवायचं’ आणि ‘कायदा बदलला की अपडेट फुकट की पैसे घेऊन’ हे दोन प्रश्न कोटेशनवर लेखी उत्तरासह घ्या. या एका जागी मी सोपेपणापेक्षा लवचीकपणाला जास्त गुण देतो.

मूल्यमापन, भरती, चॅटबॉट, कर्मचारी समाधान सर्वेक्षण वगैरे?

नको. पन्नास माणसांच्या कारखान्यात मालक प्रत्येकाला नावाने हाक मारतो.

टॅलीत पगाराची सोय आहे. तेवढ्यावर भागेल?

कधी कधी भागतं. टॅलीत पगारपत्रक, पीएफ, ईएसआय निघतं आणि तुमच्या अकाउंटंटचा हात त्यावर बसलेला असतो. हाही सोपेपणाच, आणि फुकटचा. अडतं ते हजेरीपाशी: पाळ्या, पंच, रजेची शिल्लक. एकच पाळी आणि ठरलेला पगार असलेल्या शोरूमला टॅली आणि हजेरीची साधी शीट पुरते.

झोहो, ग्रेटएचआर, केका ही नावं कानावर येतीलच. ती ऑफिसच्या नोकरवर्गासाठी नीटनेटकी आहेत. फ्रॅप एचआर हे मुक्त स्रोतातलं, लायसन्सचे पैसे नाहीत आणि हवं तसं वळवता येतं, पण वळवणारा माणूस तुम्हालाच शोधावा लागतो. नाव कुठलंही असो, वरचे हिशोब करून घेतल्याशिवाय ठरवू नका.

हॉस्पिटल किंवा साखर कारखान्याला काही वेगळं लागतं का?

हॉस्पिटलला ड्युटीची अदलाबदल लागते. दोन सिस्टरनी आपसात पाळी बदलली तर दोघींच्या संमतीने ती मोबाइलवरच नोंदली जावी, आणि तिथे स्टाफ ॲप वापरतो, त्यामुळे ॲपचा खर्च सार्थकी लागतो. साखर कारखान्यात हंगामी कामगार गळीत संपल्यावर घरी जातात पण संबंध तुटत नाही, बंद हंगामात धारण भत्ता मिळतो, पुढच्या हंगामात तोच माणूस त्याच नंबरवर येतो. सॉफ्टवेअरने त्याला ‘नोकरी सोडली’ म्हणून बंद केलं तर ते तुमच्या कामाचं नाही.

कोटेशनमध्ये काय लपलेलं असतं?

दर माणशी दर महिना असतो, तो स्वस्त वाटतो. खाली बारीक अक्षरांत ‘किमान इतक्या माणसांचं बिल’ असतं. मशीन जोडण्याचे वेगळे, जुना डेटा चढवण्याचे वेगळे, प्रशिक्षणाचे वेगळे. गणवेशाच्या युनिटमध्ये शाळा उघडण्याआधी माणसं वाढतात आणि नंतर कमी होतात. कमी झाल्यावर बिल कमी होतं का, की वर्षभर वाढीव आकड्यावरच? हे विचारायचं बहुतेक जण विसरतात.

आणखी एक: मदत फोनवर मिळते की फक्त ‘तिकीट’ टाकायचं? ७ तारखेच्या संध्याकाळी तिकिटाच्या उत्तराची वाट बघत बसता येत नाही. पुण्याच्या फोनपेक्षा इथल्याच सात रस्ता चौकातून गाडी काढून येणारा माणूस असेल तर मी त्यासाठी दोन पैसे जास्त देईन.

आधार नंबर, बँक खातं, चेहऱ्याचा फोटो, सगळं त्यांच्याकडे जातं. धोका नाही का?

आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि माहिती तुम्ही गोळा करता म्हणून जबाबदारी तुमचीही. सुपरवायझरला हजेरी दिसावी, पगार दिसू नये, एवढे वेगवेगळे अधिकार देता आलेच पाहिजेत. ही ‘सुविधा’ नाही, हा पाया आहे. करार संपला तर सगळा डेटा एक्सेलमध्ये परत मिळेल आणि त्यांच्याकडचा पुसला जाईल, हे लेखी घ्या.

नाव मात्र सुरुवातीलाच आधारप्रमाणे टाका. आडनाव आधी की नंतर, तेलुगू घराणेनाव पूर्ण की नुसतं आद्याक्षर, यावरून पीएफच्या खात्याशी जुळणी अडते आणि कामगाराचे पैसे काढताना ते बाहेर येतं.

सुरुवात कधी करावी?

दिवाळीच्या बोनसच्या धामधुमीत नको, गड्ड्याच्या आठवड्यातही नको, तेव्हा निम्मा कारखाना सुट्टीवर असतो. एप्रिल चांगला, कारण कराचं वर्ष आणि ईएसआयचा काळ दोन्ही तिथून सुरू होतात. नवीन आणि जुनं दोन महिने शेजारी शेजारी चालवा. दोन्हींत फरक आला की लगेच नव्याला दोष देऊ नका, कधी कधी जुन्या एक्सेलमधलीच वर्षानुवर्षांची चूक सापडते.

वीस वर्षं काम करणारे आमचे क्लार्क सॉफ्टवेअरला तयारच नाहीत. काय करावं?

त्यांना निवडीच्या टेबलावर बसवा, घेतल्यानंतर शिकवायला नको. कुठल्या कामगाराची कसली अडचण, कोणता खाडा माफ करायचा, कुणाची उचल कशी वळती करायची, हे त्यांच्या डोक्यात आहे आणि कुठल्याही मेनूत नाही. दोन सॉफ्टवेअर शेवटी उरली असतील तर दोन्हींवर त्यांना एकेका विभागाचा आठवड्याचा पगार काढायला द्या, शेजारी कुणी उभं राहू नका, आणि ज्यात त्यांना कमी वेळा हाक मारावी लागली ते घ्या. त्यांना दोन्हींत सारखाच त्रास झाला, तर अजून घेऊच नका. दुसऱ्या विक्रेत्याला बोलवा, पुढच्या एप्रिलपर्यंत वेळ आहे.